तळघर म्हणजे उलटी पाण्याची टाकी

पाण्याने भरलेल्या हौदात एक रिकामी घागर तोंड वर ठेवून सरळ खाली दाबून बघा. पाणी तिच्या गळ्याशी येईपर्यंत दोन्ही हातांचा जोर लागतो. हात जरा सैल पडला की ती उसळून वर येते. आणि घागरीला कुठे बारीकशी चीर असली, तर बाहेरचं पाणी तिथून आत यायला वेळ लावत नाही. तळघराला आयुष्यभर नेमकं हेच सोसायचं असतं. फरक इतकाच, की घागर बाहेर काढून चीर बुजवता येते. तळघर एकदा मातीत गेलं की त्याची बाहेरची बाजू पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही.

म्हणून तळघराला 'जमिनीखालची खोली' समजू नये असा माझा आग्रह असतो. गच्चीवरची टाकी पाणी आत धरून ठेवते. तळघर म्हणजे तीच टाकी उलटी, पाणी बाहेर रोखून धरणारी. घर बांधणारा हिशेब करतो खोलीचा, म्हणजे फरशी कुठली, छत किती उंच, जिना कुठून. काम मात्र करायचं असतं टाकीचं. घोळ होतो तो इथेच.

आधी माती विचारायची

तळघर करावं की नाही याचं उत्तर नकाशात नसतं, जमिनीत असतं. बांधकामाच्या जागेवर दोन-तीन ठिकाणी बोअर घेऊन माती तपासून घ्यावी, आणि तो बोअर तळघराच्या तळाच्याही काही मीटर खाली गेलेला असावा. नुसता फावड्याने हातभर खड्डा खणून 'मुरूम लागला, आता काळजी नाही' म्हणणारे भेटतात. त्या मुरमाखाली काय आहे, हे त्यांनाही माहीत नसतं.

खडक लागला तर पाया भक्कम, पण फोडायला वेळ लागतो, आणि खडकाच्या भेगांतून पाणी वाट काढतं ते वेगळंच. वाळूत पाणी झटकन मुरून जातं ही चांगली गोष्ट. पण पाणीपातळी वर असली तर खणलेल्या खड्ड्यात पाण्याबरोबर वाळूही वाहून यायला लागते. सगळ्यात नाठाळ ती चिकणमाती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि फुगताना भिंतीला रेटा देते. अशा मातीत तळघर होत नाही असं नाही, पण तिथे 'सगळे करतात तसंच करू' हे धोरण चालत नाही.

पाणीपातळी बघायची ती पावसाळा सरता सरता. ऐन उन्हाळ्यात खणलेला खड्डा कोरडाठक्क निघतो आणि मालक खूश होतो. बोअरमध्ये भोकं पाडलेला पाइप सोडून ठेवावा आणि शक्य असेल तर वर्षभर मधून मधून त्यात दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते लिहून ठेवावं. जवळपास जुनी विहीर असेल तर तिच्या आतल्या कडेवरच्या ओलीच्या रेघाही बरंच काही सांगतात.

आता एक गोष्ट, जी भल्याभल्यांना चकवते. भूजलाची पातळी अगदी दहा मीटर खोल आहे, म्हणजे तीन मीटरच्या तळघराला पाण्याचा धोका नाही, असं वाटतं. चिकणमातीत हे खरं नसतं. तळघरासाठी आपण खणतो तो खड्डा तळघरापेक्षा चहूबाजूंनी मीटरभर मोठा असतो, कारण बाहेरून शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावायला, हात फिरवायला जागा लागते. भिंती झाल्यावर ती मोकळी पट्टी आपण भराव टाकून बुजवतो. भरावाची माती कितीही ठोकली तरी मूळ जमिनीइतकी घट्ट होत नाही. मग होतं काय, की पावसाचं पाणी या पोकळ पट्टीत उतरतं, आणि पलीकडची चिकणमाती त्याला बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आपणच चिकणमातीत एक मोठं परातीसारखं भांडं कोरलं, त्यात घर ठेवलं आणि कडेने पाणी ओतायची सोयही करून दिली. भूजल खोल असूनही भिंतीला गळ्यापर्यंत पाणी लागतं ते असं. 'इथे कधी पाणी लागत नाही' हे वाक्य खड्डा खणण्याआधी खरं असेल. खड्डा खणला की जमीन बदललेली असते.

दाब किती, ते आकड्यांत

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. एक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन, दोन मीटरला दोन टन, तीनला तीन. तीन मीटर उंच भिंतीबाहेर काठोकाठ पाणी उभं असेल तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर एकूण साडेचार टनांचा रेटा येतो. दहा मीटर लांबीची भिंत असेल तर पंचेचाळीस टन.

मातीचा रेटा वेगळा. साधारण कोरड्या मातीचा त्याच भिंतीवर दर मीटर लांबीला चार टनांच्या आसपास धरतात. माती पाण्याने तुडुंब भिजली की पाण्यात असल्यामुळे तिचा स्वतःचा रेटा थोडा कमी होतो, पण पाण्याचा पूर्ण दाब त्यात मिळवावा लागतो, आणि बेरीज पावणेसात टनांपर्यंत जाते. भिंत तीच, माती तीच. फक्त पाणी साठलं म्हणून भार दीडपटीच्या वर गेला. तळघराच्या बाहेरचं पाणी काढून देण्यावर इतका भर का देतात, ते या आकड्यांतून दिसतं. पाणी हटवलं की ओलही कमी आणि रेटाही कमी.

हा रेटा आडवा असतो. विटांची किंवा ब्लॉकची साधी भिंत वरून येणारा भार मजेत पेलते, पण बाजूच्या ढकलण्यापुढे मधोमध आत फुगते आणि आडवी तडकते. म्हणून तळघराची भिंत सळईच्या काँक्रीटची करतात. तिचा तळ राफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या तळघराखालच्या काँक्रीटच्या जाड लादीत, पक्का रुतलेला असतो आणि माथा वरच्या स्लॅबला टेकलेला असतो. हा टेकू महत्त्वाचा आहे. पुष्कळ भिंतींचं डिझाइन वरचा स्लॅब आहे असं धरूनच केलेलं असतं. स्लॅब पडायच्या आधी बाहेरून भराव टाकला, तर बिचारी भिंत एका पायावर उभी राहून सगळा रेटा घेते. कंत्राटदाराला अंगणात जागा मोकळी हवी असते, मातीचा ढीग डोळ्यांत सलत असतो, आणि 'टाकू या की भराव' अशी घाई होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी 'हो' म्हटल्याशिवाय भरावाची एक पाटीसुद्धा टाकू देऊ नका.

खोदाई

बांधकामातला सगळ्यात जिवावरचा टप्पा हा. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांची, म्हणजे एका मोटारगाडीच्या वजनाची. खड्ड्याची उभी कड ढासळते तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही. कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूस हाताने ओढून निघत नाही, आणि छातीपर्यंत माती आली तर श्वासच घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल, आधार न दिलेल्या उभ्या खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही, हा साधा नियम आहे. एकतर कडांना उतार द्यायचा किंवा फळ्या, लोखंडी पत्रे, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) यांचा आधार द्यायचा. खणलेली माती काठावर रचून ठेवायची नाही. ढीग किमान दोन फूट मागे हवा, आणखी मागे असेल तर बरं. पोकलेन आणि डंपर काठाशी उभे राहिले तर त्यांचंही वजन कडेवर येतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी आधी काठावरून फेरी मारून जमिनीला नव्या भेगा पडल्या आहेत का ते बघायचं, मग माणसं खाली.

शेजारी घर असेल तर गोष्ट आणखी नाजूक. अंदाजासाठी एक रेघ मनात काढा: शेजारच्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत आपल्या बाजूला खाली जाणारी. आपला खड्डा त्या रेघेच्या आत शिरत असेल, तर आपण शेजाऱ्याच्या घराखालची माती काढून घेतोय असं समजायचं. तिथे आधी पाइलची रांग टाकून मग खोदतात, किंवा शेजारचा पाया टप्प्याटप्प्याने, एका वेळी मीटरभर लांबीचा तुकडा उघडा करून, खाली वाढवत नेतात. एक तुकडा झाला की लगतचा तुकडा लगेच उघडत नाहीत, एकाआड एक घेतात. हे काम अंदाजपंचे करायचं नाही. आणि खोदाईच्या आधी शेजाऱ्यांच्या भिंतींवरच्या जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत, त्यांच्यासमोर. नंतरचे निम्मे वाद त्या फोटोंनी मिटतात.

माती किती निघेल याचा अंदाजही बहुतेकांचा चुकतो. भिंती धरून दहा बाय आठ मीटरचं तळघर घ्या. चहूबाजूंनी मीटरभर जागा सोडली तर खड्डा बारा बाय दहा. साडेतीन मीटर खोलीला ४२० घनमीटर. पण जमिनीत दाबून बसलेली माती उकरली की फुलते, ढोबळमानाने पाव पट तरी. म्हणजे वाहून न्यायची झाली सव्वापाचशे घनमीटर, दहा घनमीटरच्या डंपरच्या बावन्न-त्रेपन्न खेपा. भरावाला लागणारी माती ठेवायची कुठे, हेही आधीच ठरवावं लागतं.

रिकामं तळघर तरंगतं

घागरीची उसळी आठवते? तेच दहा बाय आठचं तळघर. समजा राफ्टच्या तळापासून दोन मीटर वर पाणी चढलं. ऐंशी चौरस मीटर गुणिले दोन, म्हणजे १६० टनांची उसळी खालून. आता घागरीचं वजन मोजू. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन धरा. ३०० मिलिमीटर जाडीचा राफ्ट ६० टन. सभोवारच्या ३६ मीटर लांबीच्या, तीन मीटर उंच, २५० मिलिमीटर जाड भिंती साधारण ६७ टन. बेरीज १२७. कमी पडले. वरून १५० मिलिमीटरचा स्लॅब टाकला तर आणखी ३० टन, १५७. अजूनही कमीच.

एवढं मोठं काँक्रीटचं खोकं तरंगेल यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. पण लोखंडी जहाज तरंगतं तसंच हेही तरंगतं. वरचे मजले चढले, भिंती-फरश्या आल्या की वजन उसळीपेक्षा पुरेसं जास्त होतं, आणि ते निदान दहा टक्के तरी जास्त असावं असा हिशेब धरतात. धोका असतो तो मधल्या काळात. तळघर झालं, पैसे संपले म्हणून काम थांबलं, खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप भाड्याचे म्हणून परत गेले, आणि मग मोठा पाऊस आला, की खोकं एका कोपऱ्यातून उचललं जातं. पाणी उतरल्यावर ते पुन्हा जागच्या जागी बसत नाही, कारण खाली तोवर गाळ शिरलेला असतो. म्हणून पंप कधी बंद करायचे, हे डिझाइन करणाऱ्याने कागदावर लिहून द्यायला हवं: अमुक मजल्यापर्यंत बांधकाम चढल्याशिवाय उपसा थांबवू नये. वजन पुरतच नसेल तर राफ्ट भिंतीच्या बाहेर थोडा वाढवतात, म्हणजे त्या पट्टीवर बसलेली माती त्याला दाबून धरते.

सांधा

तळघर गळतं कुठे, असं विचारलंत तर मी आधी राफ्ट आणि भिंत जिथे भेटतात तिथे बॅटरी मारून बघेन. राफ्ट एका दिवशी ओतला जातो, भिंत काही दिवसांनी. दोन काँक्रीटं कितीही चांगली असली तरी जुनं आणि नवं एकजीव होत नाही. त्या रेघेवर पाण्याला आयता रस्ता मिळतो.

त्याला अडवायला राफ्टबरोबरच भिंतीचा १५० मिलिमीटरच्या आसपासचा बुटका कठडा एकसंध ओततात, म्हणजे सांधा तळातून उचलून सोयीच्या उंचीवर येतो. सांध्याच्या मधोमध रबर किंवा पीव्हीसीची पट्टी, वॉटरबार, निम्मी खालच्या आणि निम्मी वरच्या काँक्रीटमध्ये राहील अशी बसवतात. पाणी लागलं की फुगणारी पट्टीही मिळते. पट्टी बसवणं म्हणजे शास्त्र नव्हे, पण शिस्त लागते. ती तारेने सळईला ताठ बांधलेली असावी, काँक्रीट पडताना आडवी होता कामा नये, आणि कोपऱ्यात तिचे तुकडे नुसते एकावर एक न ठेवता वितळवून जोडलेले असावेत. दुसऱ्या ओतण्याआधी जुन्या काँक्रीटचा वरचा साय धरल्यासारखा कमकुवत थर छिन्नीने टोचून काढायचा, खडी दिसू द्यायची, आणि धूळ-कचरा हवेने किंवा पाण्याने धुऊन टाकायचा.

एका तळघरात एकाच कोपऱ्यात ओल येत होती. आतून दोनदा रसायन भरून झालं, ओल हातभर सरकून पुन्हा वर आली. शेवटी प्लास्टर खरवडून सांधा फोडला तर आत सिमेंटच्या गोणीचा तळहाताएवढा कागद चपटा होऊन बसला होता. शटरिंग लावायच्या आधी कुणीतरी खाली वाकून बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटात निघाला असता. तेव्हापासून शटरिंगच्या तळाला सफाईची खिडकी ठेवा आणि ती बंद करण्याआधी स्वतः बघा, असं मी सांगतो.

शटरिंगच्या दोन पाट्या धरून ठेवायला भिंतीतून आरपार लोखंडी दांडे जातात. ते काढल्यावर उरलेली भोकंही गळतात. त्यासाठी मधे चकती असलेले दांडे वापरावेत किंवा भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे भोकं भरायच्या सिमेंटच्या मसाल्याने, ठासून भरावीत. पाइप भिंतीतून नेण्यासाठी नंतर ड्रिल मारण्याचा मोह टाळावा. पाइप ज्यातून जाईल ती नळी, म्हणजे बाही, काँक्रीट ओतण्याआधीच बसवून ठेवावी.

आता काँक्रीटबद्दल. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागणारं पाणी थोडंच असतं. पन्नास किलोच्या गोणीला जेमतेम बारा लिटर. पण तेवढ्यात मिश्रण हलत नाही, म्हणून जास्त घालावं लागतं. तळघरासाठी पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे गोणीला साडेबावीस लिटर, आणि त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जागोजागी केसाहून बारीक वाटा ठेवून जातं. 'घट्ट झालंय, जरा पाणी मारा' असं कुणी मिक्सरपाशी ओरडलं, तर त्याला अडवणं हे मालकाचं सगळ्यात स्वस्त वॉटरप्रूफिंग आहे. सरकपणा हवा असेल तर त्यासाठी काँक्रीटमध्ये मिसळायची रसायनं मिळतात. व्हायब्रेटर नीट फिरवला नाही तर शटरिंग काढल्यावर उघड्या खडीची जाळी दिसते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. ती वरून सिमेंट चोपडून झाकू देऊ नका. इंजिनिअरला दाखवा, सैल भाग काढा, मग भरा. आणि निदान सात दिवस, जमलं तर चौदा, भिंत ओली ठेवायची. उभ्या भिंतीवर पाणी टिकत नाही म्हणून गोणपाट लावून ते भिजतं ठेवणं बरं.

वॉटरप्रूफिंगचे तीन मार्ग

ब्रिटनचं बीएस ८१०२ हे मानक तळघराच्या संरक्षणाचे तीन प्रकार सांगतं, आणि ही विभागणी समजायला सोपी आहे. पहिला, भिंतीला बाहेरून अंगरखा: डांबरी पडदा, पॉलिमरचा लेप, बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीची चादर. दुसरा, काँक्रीटच इतकं दाट आणि भेगा इतक्या बारीक ठेवायच्या की ते स्वतःच पाणी अडवेल, ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग पडू नये असा सळईचा हिशेब असतो. तिसरा, थोडं पाणी आत येणारच असं धरून भिंतीच्या आतल्या बाजूला फुगवट्यांचा प्लास्टिक पत्रा लावायचा, आलेलं पाणी त्यामागून खाली नाल्यात उतरवायचं आणि पंपाने बाहेर टाकायचं.

पहिल्याची अडचण ही, की एक ओरखडा पुरतो आणि नंतर दुरुस्तीला हात पोचत नाही. दुसऱ्यात सगळी भिस्त कामगारांच्या त्या एका दिवसाच्या कामावर. तिसरा पंपावर आणि विजेवर अवलंबून. म्हणून यातलं एकच निवडू नये; राहायच्या खोल्या असतील तर दोन एकत्र करावेत. आणि भिंतीच्या आतून नुसता 'वॉटरप्रूफ' रंग देण्याला मी वॉटरप्रूफिंग म्हणत नाही. पाणी बाहेरून ढकलतंय, रंग आतून चिकटलाय. ते त्याला पापुद्र्यासारखं सोलून काढतं. पोपडे सुटतात, मागे पांढरा खार फुटतो. तो खार म्हणजे पाणी भिंतीतून आलं, क्षार सोबत आणले आणि इथे येऊन सुकलं, याची पावती.

बाहेरच्या पडद्यावर भराव टाकण्याआधी संरक्षक फळी किंवा जाड पत्रा लावायला विसरू नये. भरावातला एक टोकदार दगड महिनाभराचं काम फाडतो.

पाण्याला दुसरी वाट

पाणी अडवण्यापेक्षा त्याला वेगळा रस्ता देणं सोपं. भिंतीच्या बुडाशी, राफ्टच्या पातळीला, चहूबाजूंनी भोकांचा पाइप टाकतात. भोकं वर नव्हे, खाली ठेवायची, म्हणजे पाणी पाइपच्या तळापर्यंत चढताक्षणी आत शिरतं आणि वाहू लागतं. पाइपभोवती धुतलेली खडी, खडीभोवती गाळणीचं कापड. कापड नसेल तर काही वर्षांत बारीक माती खडीत बसते आणि पाइप नुसता शोभेला राहतो. हे पाणी उतारावर नैसर्गिकरीत्या निघून जात असेल तर उत्तम, नाहीतर पंप असलेल्या खड्ड्यात आणायचं. पंप एक नको, दोन हवेत, आणि दुसरा बॅटरीवर चालणारा. कारण वीज जाते ती नेमकी धो धो पावसातच.

भराव वीस ते तीस सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसून. सगळ्यात वर हातभर चिकणमातीचा थर आणि घरापासून दूर जाणारा उतार, पहिल्या तीन मीटरमध्ये निदान पंधरा सेंटिमीटर. छपराचं पाणीही लांब न्यायचं. शंभर चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर पाणी होतं. पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायथ्याशी सोडलेला असेल, तर हे पाच हजार लिटर आपण स्वतःच्या हाताने त्या पोकळ पट्टीत ओततोय.

ओल नेमकी कुठली?

सगळी ओल बाहेरून येत नाही. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही गार पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी दव होऊन बसतं. जमिनीला टेकलेली तळघराची भिंत बऱ्याचदा त्याहून गार असते. मग हवेशीर राहावं म्हणून भर दमट दिवसांत खिडक्या उघडल्या की कुबट वास जायच्या ऐवजी वाढतो, आणि लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या घालतात.

ओळखायची युक्ती सोपी. भिंतीवर हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. थेंब कागदाच्या मागे, भिंतीकडून असतील तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब पुढच्या बाजूला, खोलीकडून असतील तर ती हवेतली ओल. पहिल्याला बाहेरचं काम लागतं, दुसऱ्याला भिंतीचं उष्णतारोधन आणि हवा कोरडी करणारं यंत्र. दोन्ही बाजूंना थेंब दिसले तर दोन्ही करा.

आत राहणाऱ्या माणसांसाठी

तळघरात झोपायची खोली करायची तर बाहेर पडायला जिन्याखेरीज दुसरी वाट हवीच, उदाहरणार्थ माणूस निघू शकेल एवढी खिडकी आणि तिच्यासमोर वर चढून येता येईल असा खड्डा. त्या खड्ड्याच्या तळालाही पाणी जायला पाइप लागतो, नाहीतर खिडकीची काच म्हणजे मत्स्यालय होतं. दार पाण्याच्या विरुद्ध उघडणारं नको. ९० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर फक्त ६० सेंटिमीटर पाणी साठलं तर दारावर १६० किलोंच्या वर दाब येतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्क शहरात जे लोक दगावले, त्यांतले ११ जण तळघरातल्या घरांत होते. त्यामुळे जिन्याच्या वरच्या तोंडाशी उंबरठा भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवणं हे सजावटीच्या आधीचं काम आहे.

स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर तळघरात नको. तो गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर जिना चढून बाहेर जात नाही, जमिनीलगत डबक्यासारखा साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. विजेचं मुख्य पॅनेल वरच्या मजल्यावर, तळघरातले प्लग पॉइंट जमिनीपासून चांगले वर, आणि सर्किटला विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा ब्रेकर.

रेडॉन हा आणखी एक न दिसणारा पाहुणा. जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू. ग्रॅनाइटच्या भागात जास्त. फटींतून तळघरात येतो आणि बंद हवेत साठतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही संदर्भ पातळी सुचवली आहे. मोजायला छोटं उपकरण पुरतं, आणि राफ्टखाली खडीचा थर आणि त्यातून छपरापर्यंत जाणारा एक पाइप आधीच ठेवला असेल तर उपायही सोपा पडतो.

संडास करायचा असेल तर गटाराची पातळी बघा. गटार तळघराच्या फरशीपेक्षा वर असेल तर मैला पंपानेच वर ढकलावा लागतो, आणि उलटं येऊ न देणारी झडप नसेल तर रस्त्यावरचं गटार तुंबल्याच्या दिवशी गल्लीभरचं पाणी तुमच्याकडे मुक्कामाला येतं.

भराव टाकायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, सांध्याचे, पाइपचे फोटो टेप लावून काढून ठेवा. कोपऱ्यापासून किती मीटरवर काय आहे ते कळेल असे. आणि बांधून झाल्यावर लगेच प्लायवूड, वॉलपेपर, लाकडी फरशी लावायला घेऊ नका. पहिला पावसाळा तळघर उघडंबोडकं राहू द्या. मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन खाली जा, राफ्ट आणि भिंतीच्या रेघेवरून हात फिरवत पूर्ण फेरी मारा, आणि जिथे बोट ओलं लागेल तिथे खडूने तारीख लिहा.